सारजेच्या गालांसाठी हवा

एअरब्रश आणि कॉम्प्रेसर निवडायचा तर शहाणी माणसं मुंबईच्या बाजारात जातात. मी कल्याणपर्यंत गेले आणि मुंबईकडे पाठ करून आसनगावची गाडी पकडली. परत आल्यापासून मिरजेत जो तो विचारतोय, भर एप्रिलात तिकडे होतं तरी काय? नाटकमंडळातल्या पोरांना सांगून सांगून माझं तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच लिहून टाकते. तुम्ही त्या बाजूला बहुतेक गेला नसाल. पाटी लावून दाखवावं असं तिथं काही नाही.

मी हौशी नाटकांची सामग्री करते. तलवारी, मुकुट, पुठ्ठ्याचे दगड, थर्माकोलची देवळं. गेली बारा वर्षं माझ्या हातात एअरब्रश आहे. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पेनाएवढी नळी असते, तिला रंगाची छोटी वाटी आणि मागून हवेची रबरी नळी. बटण दाबलं की हवा रंगाला ओढून बाहेर घेऊन जाते आणि रंग धुक्यासारखा बसतो. कुंचल्याचे फराटे दिसत नाहीत. हवा पुरवतो तो कॉम्प्रेसर, आणि तो नसेल तर एअरब्रश म्हणजे महागडं पेन.

मंदाचं पत्र दोन हजार सहा सालच्या मार्चमध्ये आलं. मंदा माझी कल्याणची मैत्रीण. वडील रेल्वेत होते तेव्हा आम्ही तिथं राहायचो, आणि चित्रकला शिक्षकाचा कोर्स आम्ही दोघींनी एकाच बाकावर बसून केला. पुढं मी मिरजेला परतले आणि ती लग्न करून शहापूर तालुक्यात डोळखांबजवळच्या एका पाड्यावर गेली. तिचे सासरे बोहाड्याच्या उत्सवातले मुखवटे रंगवायचे. ते गेल्यावर ते काम तिच्याकडे आलं. पत्र चार ओळींचं होतं, आणि अक्षर तिचं नव्हतं, नवऱ्याचं होतं. हवेचा ब्रश घेऊन ये, हवा पण आण, माझा हात गेला आहे, असं लिहिलेलं. अगं, गेला म्हणजे काय? हात काय एसटी आहे जायला?

गुरुवार, शहापूर

शहापूरच्या स्टँडवर मंदाचा नवरा बाळाराम घ्यायला आला होता. मोजकं बोलणारा, सावळा, उंच माणूस. माझ्याकडं कॉम्प्रेसरचं खोकं होतं, ते त्यानं न विचारता डोक्यावर घेतलं. एसटीला तासभर होता म्हणून आम्ही चहाला बसलो. मी हाताचं विचारल्यावर त्यानं तुकड्यातुकड्यानं सांगितलं.

तिकडं आवणीला, म्हणजे भातलावणीला, एकमेकांच्या शेतात जायची रीत आहे. आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. मजुरीचा प्रश्नच नाही. गेल्या आवणीत मंदा गंगारामबाबांच्या शेतात रोप उपटत होती. मुठीत रोपाबरोबर फुरसं आलं आणि अंगठ्याच्या बुडाशी चावलं. गंगारामबाबा सत्तरीचे, पण त्यांनी तिला पाठीवर घेतलं आणि चिखलातून रस्त्यापर्यंत धावत आणलं. तिथून जीपनं शहापूर, शहापूरहून ठाणे. जीव वाचला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट मात्र वाळून ताठ झालं. "मधलं बोट चांगलं हाय," बाळाराम म्हणाला आणि चहाचे पैसे द्यायला उठला.

डोळखांबच्या रस्त्याला शेतांमध्ये काळे चौकोन दिसत होते. राब भाजलेले. पालापाचोळा आणि शेण पसरून रोपाची जागा जाळतात, म्हणजे तण मरतं. आमच्याकडं कृष्णाकाठी या दिवसात ऊस हिरवागार उभा असतो, त्यामुळं मला आधी वाटलं की वणवा लागून गेला. समोर आजोबाचा डोंगर होता. एवढ्या मोठ्या डोंगराला आजोबा म्हणणारी माणसं मला पहिल्या फटक्यात आवडली.

मंदा दारातच उभी होती. पाच वर्षांनी भेटत होतो. तिनं मला डाव्या हातानं जवळ घेतलं, उजवा पदराखाली. मी मुद्दाम तिकडं पाहिलं नाही. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी होती. तांदळाची भाकरी इतकी मऊ की माझ्या ज्वारीला सवकलेल्या दातांना कामच उरलं नाही. आमच्याकडं पाहुण्याला आग्रह करकरून वाढतात. इथं आग्रह नाही, विचारणंही नाही, ताट रिकामं दिसलं की भाकरी येऊन पडते. मंदा माझ्याबरोबर बसली नाही. सगळ्यांचं झाल्यावर आत चुलीपाशी, भिंतीकडं तोंड करून जेवली. कोर्सच्या दिवसांत माझ्या डब्यातलं ओढून खाणारी ही बाई!

नंतर ओटीवर बसून तिनं सगळं सांगितलं. बोहाड्यात देवांची आणि राक्षसांची सोंगं नाचतात. प्रत्येक सोंग एकेका घराचं. त्या घरचा माणूस आपल्या देवाचा कागदी मुखवटा घालतो, दुसऱ्यानं घालायचा नाही. दरवर्षी त्याआधी मुखवटे रंगवणाऱ्याकडं येतात. यंदा कुंचला तिच्या हातात ठरेना. डाव्या हातानं केलं तर रेघ थरथरे. मग तिला कोर्समधली फुंकायची नळी आठवली, कोळशाच्या चित्रांवर फवारा मारायला आम्ही वापरायचो ती. पत्र्याच्या दोन नळ्या, एक रंगात, एक तोंडात. तिनं ती शोधून काढली आणि सारजेच्या मुखवट्यावर गुलाबी रंग फुंकायला बसली. सारजा म्हणजे सरस्वती. ते सोंग गंगारामबाबांच्या घरचं.

नेमके गंगारामबाबा आले. आपल्यात देवापुढचा दिवासुद्धा कुणी फुंकून विझवत नाही, आणि इथं तर देवीच्या तोंडावर माणसाचा श्वास. ते रागावले नाहीत. देवीचं तोंड उष्टं झालं पोरी, एवढं म्हणाले, मुखवटा कापडात गुंडाळला आणि घेऊन गेले. मग पाड्यावर ठरलं की रविवारपर्यंत मंदाचं काही जमलं तर ठीक, नाहीतर सगळी सोंगं शहापूरच्या गणपती रंगवणाऱ्याकडं जातील.

"आणि एकदा गेली की परत यायची नायत," मंदा म्हणाली. "मला काय कुणी टाकून देणार नाय गो सुले. भाकर मिळंल. पन मी मग इथं कोन?"

मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला! पाठीवर घेऊन धावायचं आणि नंतर हातातलं काम काढून घ्यायचं, ही कुठली तऱ्हा? माझ्याकडं तीन दिवस होते.

शुक्रवार, पाडा

सकाळी मी माझं सामान मांडलं. त्यात माझी शान म्हणजे नवा एअरब्रश, दुहेरी बटणाचा. बटण खाली दाबलं की हवा, तेच मागं ओढलं की रंग, आणि जितकं ओढाल तितका रंग. केसाएवढ्या रेघेपासून तळहाताएवढ्या ढगापर्यंत सगळं एका बोटात. माझ्या सगळ्या बचतीचा तो ब्रश होता आणि मी तो मंदाला द्यायला आणला होता. केवढा मोठेपणा!

कॉम्प्रेसरला लावायला वीज नव्हती. लोडशेडिंग. सकाळी जाते ती दिवेलागणीला येते, आणि आली तरी बल्ब निखाऱ्यासारखा लाल असतो, त्यावर माझ्या कॉम्प्रेसरची मोटर नुसती घुं करून थांबली असती. ते पत्रात का लिहिलं नाही, असं मी विचारलं. बाळाराम म्हणाला की सगळीकडं असंच असंल असं वाटलं. खरं तर मिरजेतही लोडशेडिंग होतं, पण अर्ध्या दिवसाचं नाही, आणि हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

बरं, हवा नाही तर निदान बटणाचा सराव करू. मी मंदाला म्हटलं, हात दे. तिनं दिला नाही. मी ओढूनच घेतला. अंगठा वाळक्या शेंगेसारखा आणि शेजारचं बोट ताठ. मी ते बोट बटणावर ठेवलं आणि म्हटलं, दाब. कसंबसं दाबलं गेलं. म्हटलं, आता मागं ओढ. बोट हलेना. ओढ की गं, थोडं तरी ओढ, रोज केलंस तर येईल, प्रयत्नच करत नाहीस तू! मास्तरीण अंगात आली होती माझ्या. मंदानं ब्रश अलगद डब्यात ठेवला, झाकण लावलं, कळशी उचलली आणि विहिरीवर निघून गेली.

मी ओटीवर एकटी बसून राहिले. मला माझी लाज वाटली. जो ब्रश मला हवा होता तो मी तिच्यासाठी निवडला होता. नाकापेक्षा मोती जड. तिचा हात कसा आहे हे न बघता मी तिला यंत्र आणून दिलं, आणि वर तिलाच रागावले.

ती परत आली तेव्हा मी पिशवीच्या तळातून माझा जुना ब्रश काढला होता. एकेरी बटणाचा. पितळेचा, कडेचं निकेल उडालेला, मी ज्यावर शिकले तो. यात बटण फक्त दाबायचं. रंग किती यावा ते मागच्या स्क्रूनं आधीच ठरवून ठेवायचं, आणि तो स्क्रू डाव्या हातानंही फिरतो. मी तो नुसता पुढं केला. तिनं तो आडवा धरला, चौथ्या बोटाच्या आणि तळव्याच्या मधे, आणि मधल्या बोटानं बटण दाबलं. टक्. सोडलं. पुन्हा टक्. मग सकाळभर ती तेच करत होती, भाकरी थापतानाही मधेच येऊन दोनदा दाबून जायची.

तर कुणी मला विचारलं की कुठला एअरब्रश घेऊ, तर मी आता आधी हात दाखव म्हणते.

शनिवार, मुरबाड आणि परत

ब्रश ठरला, हवा राहिली. मुरबाडला एक फ्रिज दुरुस्त करणारा माणूस जुन्या फ्रिजमधून कॉम्प्रेसर बनवतो असं बाळारामला कुणीतरी सांगितलं होतं. मंदा आणि मी जीपनं किन्हवलीवरून मुरबाडला गेलो. एका जीपमध्ये सोळा माणसं, दोन कोंबड्या आणि आमच्या पायाशी फणस. माझ्या मांडीवर अनोळखी बाईचं बाळ होतं, ते तिनं चढताना माझ्याकडं दिलं आणि उतरताना घेतलं. मधल्या वेळात आम्ही एक शब्द बोललो नाही.

तो माणूस निघाला कारागीर. फ्रिजची काळी मोटर, तिला टाकी म्हणून आग विझवायचं रिकामं नळकांडं, वर दाब दाखवणारं घड्याळ. चालू केल्यावर आवाज इतका कमी की आपण सहज गप्पा माराव्यात. माझा जीव जडला त्याच्यावर. मी पर्स उघडलीच होती. त्यानं विचारलं, तुमच्याकडं लाइट किती वेळ असते? मंदानं खरं ते सांगितलं. त्यानं बटण बंद केलं आणि म्हणाला, मग पैसे ठेवा ताई, हे नुसतं लोखंड होईल. टाकी लहान आहे, पाच मिनिटांत रिकामी होते, आणि भरायला वीज लागते.

इतका खरेपणा मला त्या वेळी नको होता. मी फणकाऱ्यानं दुसरं काही आहे का म्हणून विचारलं. त्याच्याकडं हवेचा दाब कमी-जास्त करायचा नळ होता, खाली पाणी साठायची काचेची वाटी लावलेला. हवेत ओलावा असला की रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडतात, ते ही वाटी अडवते. कधी ना कधी लागेल म्हणून तो घेतला. रिकाम्या हातानं परत जाणं मला जमत नाही.

स्टँडजवळ आम्ही मिसळ खाल्ली. समोरासमोर बसलो होतो, भिंत कुठंच नव्हती. मंदानं जरा वेळ ताटाकडं पाहिलं, मग पदरातून हात काढला, मधल्या दोन बोटांत चमचा अडकवला आणि खायला लागली. थोडी सांडली. मी माझ्या पावाकडं बघत राहिले आणि म्हटलं, तिखट नाही बाई ही मिसळ, आमच्याकडं ये, मग बघ. ती हसली. त्या प्रवासात पहिल्यांदा.

येताना किन्हवलीच्या पुढं जीपचं मागचं चाक बसलं. सगळे उतरून झाडाखाली. समोरच पंक्चरचं दुकान होतं, झावळ्यांचं छप्पर आणि एक डिझेल इंजिन, धडधड करत हवा भरणारं. ड्रायव्हरनं चाक दिलं. मी घड्याळ बघत, उन्हाला, विजेला आणि सरकारला शिव्या घालत उभी. मंदा मात्र दुकानाच्या अगदी जवळ जाऊन बसली. पंक्चरवाल्यानं शेजारच्या ट्रकच्या चाकाचा वाल्व दाबून पाहिला, तसा हवेचा झोत सुटला आणि जमिनीवरची धूळ लांबवर उडाली.

"सुले," मंदा म्हणाली, "ही हवा घरी न्यायची का?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. बारा वर्षं मी या धंद्यात आहे, आणि हे मला सुचलं नाही. मी तिथंच फुफाट्यात बसून हिशेब करायला लागले. ट्रकचं चाक, सत्तर-ऐंशी पौंड हवा. आपल्याला लागते वीस. मधे मुरबाडचा नळ लावायचा. अर्धा-पाऊण तास सहज निघेल. वीज नको, मोटर नको. कॉम्प्रेसर कुठं का असेना, हवा उचलून आणायची!

डोळखांबच्या नाक्यावर पंक्चर काढणारा जनार्दन बाळारामच्या ओळखीचा होता. त्याच्याही घरी भीमाचं सोंग होतं. घासून गुळगुळीत झालेलं ट्रकचं एक चाक त्यानं द्यायचं कबूल केलं. हवा भरायच्या नळीचं तोंड कापून त्यानं ते माझ्या नळाला जोडून दिलं. देवाच्या कामाला टायर चालंल का, असं बाळारामनं हळूच विचारलं. जनार्दन म्हणाला, दसऱ्याला याच्यावरच झेंडू वाहतो की आपण.

रविवार, पाडा

चाक बैलगाडीतून आलं. उतरवायला तीन माणसं लागली. अंगणात सारवलेल्या जमिनीवर ते आडवं ठेवलं, बाळारामनं धुतलं. पाड्यावरची माणसं जमली. गंगारामबाबा आले ते डोक्यावर सूप घेऊन. सुपात तांदूळ, त्यावर लाल कापडात गुंडाळलेली सारजा. मी मनात भांडण तयार ठेवलं होतं, पण त्यांना पाहून ते कुठल्या कुठं गेलं. वाळलेला, कमरेत वाकलेला माणूस. हाच तिला पाठीवर घेऊन धावला असेल यावर विश्वास बसेना.

त्यांनी चाकाभोवती एक फेरी मारली आणि हवा कुठली म्हणून विचारलं. जनार्दननं सांगितलं, इंजिनची. म्हणजे कुणाच्या तोंडची नाय ना, असं त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. मग बसले, कापड सोडलं. सारजा पांढरी फटक होती. उष्टा झालेला रंग त्यांनी धुऊन काढला होता, ओल्या फडक्यानं, कागदाचा लगदा भिजू न देता. किती वेळ लागला असेल!

आता माझं कर्तृत्व ऐका. नळी जोडायच्या आधी वाल्व गळतोय का ते बघायला हवं. मी मिरजेत सायकलवर वाढलेली बाई. आम्ही काय करतो? जिभेला बोट लावायचं, थुंकी वाल्वच्या तोंडावर ठेवायची, फुगा आला तर गळतंय. हे मी विचार करून केलं नाही. बोट जिभेला गेलं आणि वाल्वला टेकलंही.

फुगा आला नाही. वाल्व उत्तम होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. गंगारामबाबांनी माझ्याकडं पाहिलं, वाल्वकडं पाहिलं, आणि सावकाश लाल कापड सारजेवर ओढायला लागले. जनार्दननं कपाळाला हात लावला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तीन दिवसांची खटपट, आणि माझ्याच जिभेनं घालवली.

"बाबा, थांबा जरा," मंदा म्हणाली.

ती पुढं आली आणि त्यांच्यासमोर बसली. पदराखालून उजवा हात काढून तिनं सुपाच्या कडेवर ठेवला. तोवर पाड्यावर घराबाहेरच्या कुणी तो हात उघडा पाहिला नव्हता. बायका पुढं सरकल्या.

"मामांनी जाताना ह्याच हातात कुंचला दिला. तुमी होता तिथं," ती म्हणाली. "हात ऱ्हायला नाय म्हणून हिला बोलावली. थुंकी लागली ती लोखंडाला, हवेला नाय. लोखंड धुता येतं. तरीपन सारजा शहापूरला न्यायची तर न्या. पन माज्या हाताकडं बघून सांगा."

गंगारामबाबा हाताकडं बघेनात. ते तांदळाकडं बघत होते. तसेच म्हणाले, "तेच होत नाय गो माज्याच्यानं. माज्याच शेतात झालं ना ते. उष्ट्याचं मी बोल्लो ते खरंच. पन तू डाव्या हातानं झगडत होतीस ते बघवंना, म्हणून उचलून नेली सारजा."

माझा सगळा राग त्या वाक्यानं धुऊन निघाला. अहो, आम्ही दोघंही त्याच हाताकडं न बघायची पराकाष्ठा करत होतो, मी भाकरीपाशी आणि मिसळीपाशी, आणि हा म्हातारा नऊ महिने.

मंदानं हात काढून घेतला नाही. शेवटी गंगारामबाबांनीच तो उचलला. अंगठा उलटसुलट करून पाहिला, रोप पाहतात तसा. दुखतं का विचारलं. ती म्हणाली, दुखत नाय, नुसता मुडपत नाय. मग ते उठले, तांब्या घेतला, आणि स्वतःच्या हातानं वाल्व तीनदा धुतला, पुसला. मला म्हणाले, "ताई, आता तोंडाला हात लावू नका." मी दोन्ही हात मागं बांधून उभी राहिले, शाळेतल्यासारखी.

गुलाबी रंग दुधाइतका पातळ करून मलमलीतून गाळला. नळी जोडली. वीस पौंड. एक अडचण माझ्याही लक्षात आली नव्हती: उजवा हात ब्रशाला, डावा स्क्रूला, मग मुखवटा कोण फिरवणार? मी पुढं होणार तेवढ्यात गंगारामबाबांनी सारजा मांडीवर घेतली आणि तिचा गाल मंदाकडं केला.

पहिला फवारा जास्त झाला. ओघळ आला. त्यांनी धोतराच्या सोग्यानं टिपला. मंदानं स्क्रू अर्धा फेरा आवळला आणि ब्रश एक वीत लांब नेला. टक्, सोड. टक्, सोड. आधी काहीच दिसेना. मग पांढऱ्यावर किंचित ऊब आल्यासारखं झालं, आणि बघता बघता सारजा लाजली. कडा कुठं नाही, डाग नाही. सासऱ्यांच्या कुंचल्यानंही असा गाल कधी उतरला नव्हता, हे मी नाही, जमलेल्या बायकांनी म्हटलं. गंगारामबाबा मुखवटा तिळातिळानं फिरवत होते. त्यांच्या मिशा, पंजे, धोतर सगळं गुलाबी.

दुसऱ्या गालाला सुरुवात झाली आणि फुस्स करत हवा संपली. मी म्हटलं होतं अर्धा-पाऊण तास, पण नळीच्या सांध्यातून गळत होती आणि ते मी तपासलं नव्हतं. कसं तपासणार? बोटं मागं बांधलेली.

आता हे सोंग घेऊन जातील, एक गाल गुलाबी, एक पांढरा, असं मला वाटलं. गंगारामबाबांनी सारजा मंदाच्या मांडीवर ठेवली, उठले, बैल जुंपले आणि चाक चढवायला जनार्दनला हाक मारली. नाक्यापर्यंत जाऊन यायला दीड तास. ते स्वतः गेले. हवा भरून होईपर्यंत कुणाला इंजिनापाशी बोलूसुद्धा दिलं नाही म्हणे.

सोमवार, निघताना

पुढच्या आठवड्यात आमच्या नाटकाचा प्रयोग होता, मला थांबता येणार नव्हतं. पितळेचा जुना ब्रश मंदाकडं ठेवला. नवा परत घेतला, तो माझ्याच हाताचा आहे. विजेचा कॉम्प्रेसरही परत चालला होता, बाळारामच्या डोक्यावरून.

पिशवी घेऊन बाहेर आले तर अंगणात सुपं मांडलेली होती. नऊ. प्रत्येकात तांदूळ, तांदळावर झाकलेला मुखवटा, आणि शेजारी त्या त्या घरचा माणूस, आपल्या देवाला मांडीवर धरायची पाळी येण्याची वाट बघत. रंगवणाऱ्याकडं नुसतं सोंग सोडून जायची पूर्वीची रीत होती. आता धरायला घरचं माणूस लागणार हे पाड्यावर एका दिवसात ठरून गेलं होतं. त्या वेळी जनार्दनच्या वडलांच्या मांडीवर भीम होता. नळीच्या सांध्यांना बाळारामनं गळती बघायला साबणाचं पाणी लावलं होतं.

मंदा वाकून भीमाच्या भुवईवर काळी सावली टाकत होती. मी मागं उभी राहून म्हटलं, निघते गं मी.

ती वळली नाही. बोट बटणावर होतं.

"जा गो सुले," ती म्हणाली. "मी उठले तर हवा जाईल."

मी बाळारामच्या मागून रस्त्याला लागले. मला पोचवायला ती उंबऱ्यापर्यंतही आली नाही. एसटीत खिडकीपाशी बसले आणि रडूच फुटलं. थांबेना. तिकीट फाडता फाडता कंडक्टरनं आवाज खाली आणून विचारलं, "काय झालं ताई? घरचं कोन गेलं काय?"

"नाही हो," मी म्हटलं. "मैत्रीण कामाला लागली."